रंगीत पाणलाव्याचं छायाचित्रण: तिसवाडीतल्या वायंगण शेतातल्या प्रकल्प नोंदी

जागा आणि साधनं

गोव्यातला तिसवाडी तालुका. खाजनाच्या (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनीच्या) वरच्या अंगाला, डोंगराकडच्या झऱ्याचं गोडं पाणी जिथे शेतात उतरतं, तिथले वायंगणाचे (पावसाळ्यानंतर घेतल्या जाणाऱ्या भातपिकाचे) तीन कुणगे, म्हणजे शेताचे तुकडे. गावाचं नाव आणि नेमकी जागा नोंदीत मुद्दाम दिलेली नाही. रंगीत पाणलावा हा पाणथळीतला पक्षी एका काठावर महिनोन् महिने राहतो. जागा सगळ्यांना कळली, तर आठवडाभरात तो काठ तुडवला जातो.

कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा मिररलेस, लेन्स 500 मिमी. दोन ट्रेल कॅमेरे. बाकी साहित्य बांबू, शेडनेट, सुंभ, चुडतांचे (नारळाच्या झावळ्यांचे) झाप, सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या सात काठ्या, गुडघ्यापर्यंतचे गमबूट. शेताच्या मालकाची आणि कसणाऱ्या कुळाची परवानगी वेगवेगळी घेतली. खाजन भागात मालकी, कसणूक आणि बांधाची देखभाल या तीन गोष्टी तीन ठिकाणी असू शकतात, त्यामुळे एकाच्या होकारावर भागत नाही.

20 नोव्हेंबर

पावसाळी भाताची कापणी झालेली. 15 ते 20 सेंमी उंचीची खुटं उभी, मधे उथळ पाणी, कडेला लव्हाळा आणि पाणकणसाची एक पट्टी. सूर्यास्त 6 वाजून 1 मिनिटाने. 6:10 ला पट्टीतून एक पक्षी उठला. उडणं संथ, पंख रुंद आणि गोलसर, पाय खाली लोंबते. वीसेक मीटरवर जाऊन पुन्हा गवतात उतरला. तोंडातून आवाज नाही.

ओळख इथेच पक्की होते. थंडीत उत्तरेकडून येणारे साधे पाणलावे याच शेतात असतात, पण ते उठतात ते कर्कश ओरडत आणि नागमोडी वळणं घेत. रंगीत पाणलावा फटाकडी या पाणपक्ष्यासारखा जड उठतो आणि लगेच खाली बसतो. नावात पाणलावा असला तरी त्याचं जवळचं नातं कमळपक्ष्यांशी आहे. शास्त्रीय नाव रोस्ट्राटुला बेंगालेन्सिस, लिनियसने 1758 साली नोंदवलेलं. नुसत्या पावलांच्या ठशांवरून किंवा चिखलातल्या चोचीच्या भोकांवरून दोघांतला फरक सांगता येत नाही. तो प्रयत्न करून वेळ घालवू नये.

24 नोव्हेंबर

पाणी मोजायला सुरुवात. पट्टीपासून उघड्या पाण्याकडे सरळ रेषेत सात काठ्या, दोन मीटरच्या अंतराने. दोन संध्याकाळी दुर्बिणीने दुरून पाहिलं, तर पक्षी दोन्ही वेळा तिसऱ्या आणि चौथ्या काठीच्या मधे वावरत होता. तिथली खोली 3 ते 7 सेंमी. दहा सेंमीच्या पुढे तो गेला नाही. आणि दर वेळी गवताचा आडोसा त्याच्यापासून दोन-तीन पावलांवर होता.

म्हणजे शोधायची ती पाण्याची खोली आणि आडोशाचं अंतर. पक्षी त्या दोन रेषा मिळतात तिथे येतो.

या खोलीवर खाली असलेल्या मानशीचा (बांधातल्या पाणदाराचा) परिणाम होतो. मानशीचं लाकडी दार भरतीच्या दाबाने बंद होतं आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतं. उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या) दिवसांत ओहोटी खोल जाते, त्यामुळे शेतातलं पाणी जास्त उपसलं जातं. भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या, कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत पाणी तुंबून राहतं. आमच्या वरच्या कुणग्यात हा फरक जेमतेम 2 सेंमीचा आहे, पण उतार इतका कमी की 2 सेंमी पाणी उतरलं तर काठ चार मीटर सरकतो. काल जिथे पक्षी होता तिथे आज कोरडा चिखल असतो. लपण (आत लपून चित्रं काढायची खोपी) बांधण्याआधी किमान एक उधाण आणि एक भांग पाहून घ्यावं. आम्ही हे केलं नाही, त्याचा परिणाम पुढे नोंदला आहे.

28 नोव्हेंबर

लपण बांधलं. जागा पश्चिमेच्या बांधाच्या आतल्या पायथ्याशी, तोंड पूर्वेला, म्हणजे संध्याकाळचं ऊन पाठीमागून येऊन पक्ष्यावर पडेल.

माप: लांबी-रुंदी 1.2 मीटर, उंची 1.1 मीटर. चार कोपऱ्यांना बांबू चिखलात 50 सेंमी आत. आडवे बांबू सुंभाने बांधले, तारेने नाही, कारण तार वाऱ्यात करकरते. वर शेडनेटचे दोन थर, त्यावर चुडतांचे विणलेले झाप. शेडनेट सैल सोडली तर फडफडते आणि तेवढ्यानेही पक्षी आडोशाला जातो. दर 20 सेंमीवर टाका घालून ती ताणून बसवली. बसायला प्लास्टिकचा क्रेट, खाली फळी. फळीशिवाय क्रेट तासाभरात चिखलात रुततो आणि लेन्सची रेषा बिघडते.

लेन्ससाठी तिपाई वापरली नाही. तिचे पाय चिखलात सारखे खचतात आणि सांध्यांत रेती-चिखल जाऊन बसतो. त्याऐवजी पालथं घमेलं, त्यावर कोरड्या वाळूची दुहेरी पिशवी. भाताचं तूस भरून पाहिलं, हलकं असतं, पण लेन्स फिरवली की कुरकुरतं.

लेन्सची उंची पाण्यापासून 30 सेंमी. याहून खाली गेलं की खुटं आडवी येतात. याहून वर, बांधाच्या माथ्यावरून एक मीटर उंचीने काढलं तर बारा मीटरवरच्या पक्ष्याकडे जवळजवळ पाच अंश वरून पाहणं होतं आणि मागे फक्त चिखल दिसतो. तीस सेंमीवर तोच कोन दीड अंशाच्या आत येतो, मागचा बांध दूर सरकून मऊ हिरवा पडदा होतो.

बांधून झाल्यावर चार दिवस तिकडे कोणी गेलं नाही.

2 डिसेंबर

पहिली बैठक. 4:30 ला आत, सूर्यास्त 6:02 ला. 6:05 ला पक्षी पट्टीच्या तोंडाशी आला, लपणाकडे पाहत पुतळ्यासारखा थांबला, सहा मिनिटं हलला नाही, मग मागच्या मागे गवतात गेला. बैठक वाया.

कारण दुसऱ्या दिवशी त्याच्या बाजूने पाहिल्यावर कळलं. काठावर बसून लपणाकडे पाहिलं, तर सूर्य मावळल्यावरचं उजळ पश्चिम आकाश शेडनेटमधून आरपार दिसत होतं आणि आत बसलेल्या माणसाची काळी आकृती स्पष्ट. दुपारी हेच लपण ठार बंद वाटत होतं.

या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या मानाने मोठे आहेत. तो संधिप्रकाशात आणि रात्री चरतो, त्यामुळे अंधुक उजेडात माणसाला न दिसणारी हालचाल त्याला दिसते. उपाय सोपा निघाला: लपणाच्या मागच्या आणि छपराच्या आतल्या अंगाला जाड काळं कापड. पश्चिमेला पाठ असलेल्या प्रत्येक लपणाला हे लागतंच. हात आणि चेहराही झाकावा.

5 डिसेंबर

काळं कापड लावल्यावर पक्षी 6:08 ला बाहेर आला आणि पाच मिनिटं चरला. पण उधाण असल्यामुळे पाणी उतरलेलं, काठ चार मीटर पूर्वेला सरकलेला. बाराऐवजी सोळा मीटर. लपण हलवलं नाही. हलवलं असतं तर पुन्हा चार दिवस सवय व्हायला गेले असते.

9 डिसेंबर

ट्रेल कॅमेऱ्यांचा हिशेब. चार दिवसांत कार्ड भरलं, त्यात बहुतेक चित्रं हलणाऱ्या पात्यांची, पक्षी एकदाही नाही. ट्रेल कॅमेरा हलणाऱ्या वस्तूची आणि मागच्या पार्श्वभूमीची उष्णता यांतला फरक टिपतो. आपल्याकडे दुपारी चिखल आणि पाती इतकी तापतात की वाऱ्याने हललेलं पातं त्याला प्राणी वाटतं. उलट लहान पक्ष्याच्या अंगावरची पिसं ऊब आत धरून ठेवतात, त्यामुळे बाहेरून तो पार्श्वभूमीपेक्षा फारसा गरम दिसतच नाही.

बदल असे केले. हालचालीवर चालणारं सेन्सर बंद. त्याऐवजी दर मिनिटाला एक चित्र, सकाळी 5:45 ते 7:30 आणि संध्याकाळी 5:30 ते 7:15. दिवसाला 210 चित्रं होतात, चाळायला दहा मिनिटं लागतात. कॅमेरा पाण्यापासून 30 सेंमीवर, काठापासून अडीच ते तीन मीटर. याहून जवळ लावला तर चित्र धूसर येतं, कारण या कॅमेऱ्यांचा फोकस ठरलेला असतो. इन्फ्रारेड दिवे 940 नॅनोमीटरचे. 850 चे दिवे जास्त लांब उजेड टाकतात, पण पेटल्यावर त्यांचा मंद लाल ठिपका दिसतो.

14 डिसेंबर

दर मिनिटाच्या चित्रांतून वेळापत्रक दिसू लागलं. संध्याकाळी पक्षी सूर्यास्तानंतर 3 ते 12 मिनिटांच्या दरम्यान बाहेर येतो. सकाळी सूर्योदयाच्या आधीच परततो. ढगाळ संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं लवकर येतो. दिवसा एकदाच दिसला, तेही आडोशाच्या सावलीत बसलेला.

म्हणजे चांगल्या उजेडाची वाट पाहण्यात अर्थ नाही. जो उजेड त्याचा आहे त्यातच काम करायचं.

15 डिसेंबर

अंतराचा हिशेब लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. पक्षी साधारण 25 सेंमी लांब. 500 मिमी लेन्सने बारा मीटरवरून त्याचं बिंब सेन्सरवर 10.4 मिमी पडतं. एपीएस-सी सेन्सरची रुंदी 23.5 मिमी, म्हणजे चौकटीचा 44 टक्के भाग. आठ मीटरवर 66 टक्के, अठरा मीटरवर 30 टक्क्यांच्या आत. आम्हाला बारा मीटर योग्य वाटतात. आठ मीटरवर पक्ष्याचं चित्र मोठं येतं, पण तो ज्या काठाच्या आधाराने जगतो तो काठ चौकटीबाहेर जातो. शिवाय त्या अंतरावर कॅमेऱ्याचा साधा आवाजही त्याला ऐकू येतो.

बारा मीटरवर एफ 6.3 या छिद्रमापाला फोकसची खोली (स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी) सुमारे 14 सेंमी. पक्षी आडवा उभा असेल तर अख्खा स्पष्ट येतो. समोर तोंड करून उभा असेल तर चोचीपासून शेपटीपर्यंत येत नाही. तेव्हा डोळ्यावर फोकस ठेवून बाकी सोडून द्यावं.

18 डिसेंबर

उजेड आणि शटर. सूर्यास्तानंतर पाच मिनिटांनी एफ 6.3, शटर 1/250 सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 6400 वर काम झालं. पंधराव्या मिनिटाला 1/60. विसाव्या मिनिटानंतर बंद.

शटर किती कमी नेता येईल हे पक्ष्याच्या सवयीवर अवलंबून आहे. धोका वाटला की तो जागच्या जागी थिजतो. त्या वेळी 1/30 वरही पिसं स्पष्ट येतात. पण चालताना तो शरीराचा मागचा भाग वरखाली हलवत राहतो. दोन पावलं, दोन झोके. या हालचालीला 1/250 सुद्धा अपुरं पडतं. डोकं मात्र त्या झोक्यांत बरंचसं स्थिर राहतं. म्हणून 1/125 वर डोळा स्पष्ट आणि शेपटीकडचा भाग थोडा हललेला, अशी चित्रं मिळाली, आणि आमच्या मते तीच जास्त खरी आहेत. आठ-दहा चित्रांच्या लहान मालिका काढाव्यात, झोक्याच्या वरच्या टोकाला एखादं जमतं.

फ्लॅश वापरायचा नाही. टॉर्चही नाही. रात्रीसाठी घडलेल्या डोळ्यावर पूर्ण झोत टाकला तर पक्षी काही काळ नीट पाहू शकत नाही, आणि याच वेळी मांजरं, मुंगसं शेतात फिरत असतात.

एक्सपोजर: डोळ्याभोवतीचा पट्टा आणि खांद्यावरून पाठीकडे जाणारी पांढरी पट्टी जळते, कारण बाकी अंग गडद असल्याने कॅमेरा चित्र उजळ करतो. एक्सपोजर दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा किंवा दुप्पट उजेड) कमी ठेवलं.

21 डिसेंबर

फोकसची मोठी अडचण. आजच्या 140 चित्रांपैकी निम्म्याहून जास्त चित्रांत पुढची काडी स्पष्ट आणि पक्षी धूसर. कॅमेऱ्याची पक्ष्याचा डोळा शोधणारी सोय मादीच्या बाबतीत कधीकधी चालते, नरावर जवळजवळ नाही.

यामागचं कारण पक्ष्याच्या अंगावरच आहे. पाठीवरच्या पिवळसर रेषा सुकलेल्या काड्यांसारख्या उभ्या-तिरप्या पडतात. खांद्यावरची पांढरी पट्टी मान आणि पंख यांच्यामधून जाते आणि पक्ष्याची बाह्यरेषा तिथेच तोडते. डोळ्याला एक पूर्ण पक्षी न दिसता दोन-तीन तुकडे दिसतात: एक काळपट, एक पांढरा, एक गवताच्या रंगाचा. पोट पांढरं, त्यामुळे खालची सावली पुसली जाते. शिकारी पक्ष्याला फसवणारी ही मांडणी कॅमेऱ्यालाही फसवते.

जमलेला मार्ग असा: सर्वांत लहान फोकस बिंदू, तो डोळ्याभोवतीच्या फिकट पट्ट्याच्या मागच्या टोकावर, जिथे फिकट-गडद फरक सर्वांत जास्त आहे. एकदा पकडला की फोकस कुलूपबंद. पक्षी काठाला समांतर चालतो, त्यामुळे अंतर फारसं बदलत नाही. फोकस पुन्हा शोधायला लावू नये.

पुढची काडी आड येते म्हणून ती कापायची नाही. दुसऱ्या कुणग्यात आमच्यापैकी एकाने आठवड्यापूर्वी दीड मीटरभर लव्हाळा हाताने आडवा केला होता. त्या टोकाला पक्षी तेव्हापासून आलेला नाही. आडोसा दोन पावलांवर हवा, तो चार पावलांवर गेला.

24 डिसेंबर ते 2 जानेवारी

काम बंद. नाताळ ते नववर्ष, रात्री फटाके आणि मोठ्या आवाजाचं संगीत. ट्रेल कॅमेरे चालू ठेवले. 31 तारखेच्या रात्रीनंतर दोन दिवस पक्षी काठावर नाही, तिसऱ्या दिवशी परत.

6 जानेवारी

शेजारच्या कुणग्यात वायंगणाची चिखलणी झाली, पॉवर टिलर दिवसभर. उद्या तरवा (भाताची रोपं) काढून लावणी. पक्षी निघून जाईल असं वाटलं होतं, पण संध्याकाळी तो नव्याने चिखलणी झालेल्या काठावर होता. नांगरटीने अळ्या, गांडुळं, शंख वर येतात. ढोकरी बगळे दिवसा येऊन खातात, रंगीत पाणलावा रात्रीची पाळी घेतो.

या पक्ष्याचं आजचं घर म्हणजे कसलेलं, गोड्या पाण्याचं भातशेत, हे इथे नीट दिसतं. मानशीचं दार कुजलं किंवा बांध फुटला की खारं पाणी वर चढतं, भात बंद होतं, हळूहळू खारफुटी येते. खारफुटीचे पक्षी वेगळे. तिथे हा राहत नाही. बांध सांभाळणाऱ्या माणसांशिवाय या पक्ष्याचा काठ टिकणार नाही.

12 जानेवारी

चरण्याचा व्हिडिओ, 6:25 ते 6:31, सेकंदाला 50 चौकटी.

चोच लांब, टोकाशी किंचित खाली वाकलेली. चरण्याच्या दोन पद्धती दिसतात. मऊ चिखलात सरळ खुपसणं, बहुधा चोचीच्या निम्म्यापर्यंत. आणि पाण्यात चोच अर्धवट बुडवून डावी-उजवीकडे विळ्यासारखी फिरवणं. दुसरी पद्धत 3 ते 5 सेंमी पाण्यातच दिसली, आणि काठीवरच्या नोंदींतल्या 3 ते 7 सेंमीच्या आवडत्या पट्ट्यातच ही खोली येते. खाद्यात किडे, गांडुळं, शंख, लहान कवचधारी जीव आणि गवत-भाताचे दाणेही असतात. म्हणून कापणी झालेलं शेत त्याला दोन्ही अंगांनी चालतं.

व्हिडिओ बारा मीटरवरून काढताना लपणातला श्वाससुद्धा लेन्स हलवतो. हात सोडून द्यावेत, लेन्सवर अर्धा किलोची वाळूची पिशवी ठेवावी.

19 जानेवारी

एकाच काठावर नर आणि मादी, पंधरा मिनिटं. आतापर्यंतची सर्वांत चांगली बैठक. सूर्यास्त 6:25.

मादी मोठी आणि रंगाने उठून दिसणारी: मान-छाती गडद तांबडी-तपकिरी, खाली काळपट पट्टा, पंख हिरवट कांस्य रंगाचे, डोळ्याभोवती स्वच्छ पांढरा पट्टा. नर राखी-तपकिरी, पंखांवर मोठे सोनेरी-पिवळसर ठिपके, डोळ्याभोवतीचा पट्टा पिवळट. बहुतेक पक्ष्यांत रंग नराकडे असतो, इथे उलट आहे. चित्रांखाली नर-मादी लिहिताना हीच चूक सर्वांत जास्त होते.

रंग उलटे असण्याचं कारण कामाची वाटणी उलटी असण्यात आहे. मादी जागा राखते, आवाज देते, नराला आकर्षित करते, अंडी घालते, बहुधा चार, आणि दुसऱ्या नराच्या शोधात जाते. अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराकडे. उबवण 15 ते 21 दिवसांची. तीन आठवड्यांच्या आसपास जमिनीवर उघड्यावर बसायचं म्हटल्यावर गवतात मिसळणारी ठिपक्यांची पाठ त्यालाच हवी. जवळच्या तळ्यांत दिसणाऱ्या कमळपक्ष्यांतही हीच रीत आहे.

दोघांना एकाच चित्रात घेताना एक्सपोजर मादीच्या पांढऱ्या पट्ट्यावर ठरवलं. नर त्यामुळे अर्धा स्टॉप गडद येतो, तो नंतर उचलता येतो. जळलेला पांढरा परत मिळत नाही.

25 जानेवारी

आवाज. 7:05 नंतर मादीचा खोल, पोकळ हुंकार, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर हळू फुंकर मारावी तसा. सावकाश, पुन्हा पुन्हा, एकसारख्या अंतराने. इतक्या लहान पक्ष्याचा आवाज इतका खोल कसा, याचं उत्तर शरीरात आहे: मादीची श्वासनलिका नरापेक्षा लांब असते. खोल सूर दाट गवतातून आणि धुक्यातून जास्त लांब जातो, उंच सूर पात्यांत अडकून विरतो.

ध्वनिमुद्रण: रेकॉर्डर बांधावर, जमिनीपासून एक मीटर, वाऱ्याचं फरचं आवरण. चिखलाजवळ ठेवला तर बेडकांशिवाय काही ऐकू येत नाही.

हा आवाज पुन्हा वाजवून पक्ष्याला बाहेर काढायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून आहे. आवाज ऐकून मादी येतेही, पण ती येते प्रतिस्पर्धी मादी आली असं समजून. तिचा वेळ आणि शक्ती त्यात जाते, आणि उघड्यावर आल्यामुळे जीवही जाऊ शकतो.

1 फेब्रुवारी

सकाळच्या ट्रेल कॅमेरा चित्रांत नराच्या मागे दोन लहान पिल्लं, फिकट पिवळसर अंगावर गडद पट्टे. दुसऱ्या कुणग्याच्या कोपऱ्यात.

लपणातलं काम त्याच क्षणी थांबवलं. ट्रेल कॅमेरे जागेवर ठेवले, पण कार्ड बदलायला जाणं बंद. पिल्लं जन्मल्यावर लगेच चालतात, धोका वाटला की जमिनीला चिकटून निश्चल राहतात. याचा अर्थ आपण चालताना ती पायाखाली येऊ शकतात. पुढचे तीन आठवडे फक्त समोरच्या बांधावरून, 60 मीटरवरून, दुर्बिणीने. कसणाऱ्याला सांगितलं. त्याने त्या कोपऱ्यातलं गवत काढणं आपण होऊन पुढे ढकललं.

11 फेब्रुवारी

ओलाव्याची नोंद. वातानुकूलित खोलीतून लेन्स थेट शेतावर नेली आणि पुढच्या काचेवर धुकं, वीस मिनिटं गेली. थंड काचेवर दमट हवेतली वाफ जमते. पुसल्याने पुन्हा येते. बॅग बंद ठेवूनच ती 45 मिनिटं बाहेरच्या हवेत ठेवावी, मग उघडावी. घरी आल्यावर हवाबंद डब्यात 500 ग्रॅम सिलिका जेल, निळे दाणे गुलाबी झाले की तापवून कोरडे करावे. गमबुटांत उतरणाऱ्या प्रत्येकाने पायावरच्या जखमा झाकाव्यात, आपल्याकडच्या शेतातल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. अंधारात बांधावर पाय टाकण्याआधी काठी आपटावी, घोणस बांधाच्या बिळांजवळ असते.

22 फेब्रुवारी

कार्डं काढली. एका चित्रात नर पुढे वाकलेला, दोन्ही पंख पसरून पुढे वळवलेले, शेपटी पंख्यासारखी उघडी, पंखांवरचे सगळे गोल सोनेरी ठिपके समोर. त्याच्या पुढे मीटरभरावर लाजरी पाणकोंबडी. पुढच्या मिनिटाच्या चित्रात पाणकोंबडी नाही.

हा त्याचा धमकावण्याचा पवित्रा. लपणं आणि थिजणं दोन्ही निष्फळ ठरलं की उरलेला उपाय. एरवी गवतात मिसळणारं अंग अचानक दुप्पट रुंद आणि ठिपक्यांनी भरलेलं दिसतं, बरोबर फुत्कारही येतो. दर मिनिटाच्या चित्रात तो मिळाला हा योग. मुद्दाम मिळवायचा तर पक्ष्याला घाबरवावं लागेल, म्हणून तो आमच्या यादीत नव्हता आणि पुढेही नसेल.

27 फेब्रुवारी

पिल्लं आता नरापासून दोन-तीन मीटर लांब चरतात. लपणात पुन्हा बसलो. एक बदल: दोघांनी एकत्र जायचं आणि एकाने उघडपणे परत यायचं. पक्ष्याला माणूस गेला एवढं दिसतं. दर वेळी चालेल असं नाही, पण आज तो नेहमीपेक्षा चार मिनिटं आधी बाहेर आला.

6:50 ला भोवत्या हा शिकारी पक्षी शेतावरून खाली घिरट्या घालत गेला. नर आणि दोन्ही पिल्लं जागच्या जागी थिजली. 1/30 वर, एफ 6.3, आयएसओ 6400. तिघेही चौकटीत, तिघेही स्पष्ट. चित्र मोठं केल्याशिवाय दुसरं पिल्लू कुठे आहे ते कळत नाही. आम्ही ते तसंच ठेवलं आहे, कापून जवळ आणलेलं नाही.

10 मार्च

भात पोटरीच्या (कणीस बाहेर पडण्याआधीच्या) अवस्थेपुढे गेलं, कुणग्यातलं पाणी कसणाऱ्याने कमी करायला घेतलं. तिसऱ्या काठीवर शून्य, चौथीवर 1 सेंमी. गेल्या पाच संध्याकाळी पक्षी नाही. झऱ्याच्या तोंडाशी एकदा मादीचा आवाज.

लपण उतरवलं. बांबू उपटल्यावरची भोकं चिखलाने भरली, नाहीतर खेकडे ती वाढवतात आणि बांधाला गळती लागते. सुंभाचे तुकडे, शेडनेटचे धागे मोजून गोळा केले, कारण प्लास्टिकचा धागा पक्ष्याच्या बोटांत अडकतो. चुडतं कुळाला दिली, शेणखताच्या खड्ड्यावर झाकायला. पहिल्या आणि चौथ्या क्रमांकाच्या काठ्या मात्र त्याच्या परवानगीने जागेवर ठेवल्या आहेत. जूनमध्ये पहिलं पाणी चढेल तेव्हा चौथीवर 3 सेंमी कधी होतात ते तो तारखेसह लिहून ठेवणार आहे.